हाकेला ओ

ऑलिव्ह विकणारी बाई म्हणाली, "चाखून बघा ताई, कडू निघालं तर पैसे नका देऊ," आणि मला वाटलं, हे वाक्य तिनं यापूर्वीही म्हटलंय. याच जागी, हाच हात पुढं करून, बोटावरच्या याच मळक्या चिकटपट्टीसकट. पोटातून काहीतरी उचलल्यासारखं वर आलं. जिभेवर लोखंडाची चव पसरली. ही चव माझ्या ओळखीची आहे, लहानपणापासूनची. ती आली की मी थांबते, कशाला तरी धरून उभी राहते, आणि ती जाते. त्या दिवशीही गेली. ऑलिव्हवाली तिथंच होती, तिचा पुढं केलेला हात मात्र आता तोंडावर गेला होता. आणि माझ्या हातात माझ्या पोरीचा, नायेलीचा हात होता, तो आता नव्हता. त्याच्या जागी बटाट्याच्या पोत्याचा कान होता आणि तो मी चांगला आवळून धरला होता.

नायेली सापडली. हरवली नव्हतीच म्हणा. पलीकडं कोंबडीवालीच्या ओट्यावर पाय हलवत बसली होती आणि कुणीतरी दिलेला उकडलेला मका खात होती. पाच वर्षांची पोर, रडलीसुद्धा नव्हती. मी तिला तिथल्या तिथं फटका मारला, हात का सोडलास म्हणून. भोवतीच्या बायका माझ्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या ती नजर मला पाठ आहे. कुणी मला बसायला खोकं दिलं, कुणी पाणी. मी म्हटलं, मला काही झालेलं नाही, क्षणभर चक्कर आली.  पण कोंबडीवालीचा भाऊ माझ्या नवऱ्याच्याच थांब्यावर मोटोटॅक्सी चालवतो, त्यामुळं संध्याकाळी घरी यायच्या आधीच रोमुलोला सगळं कळलेलं होतं.

"क्षणभर म्हणतेस," तो म्हणाला. "ती म्हणते, तेवढ्या वेळात तिनं एक कोंबडी सोलून, कापून, पिशवीत भरून दिली."

"मग तिची कोंबडी लहान असेल."

रोमुलो हसला नाही. एरवी हसतो. तो माणूस वाईट नाही, हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं ऐकताना कुणाचा गैरसमज नको. त्यानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि टोपीशीच बोलला. त्याची आई हुआरालला राहते, संत्र्यांच्या बागेत घर आहे, माणसांचा राबता आहे. ती केव्हापासून म्हणतेय की पोरीला माझ्याकडं पाठवा. "मी ठरवत नाही, झेना. तूही ठरवू नकोस. डॉक्टर ठरवू देत, तुझी आकडी कुठल्या जातीची आहे ते. सगळं कळत असतं त्या जातीची असली, तर नायेली इथंच राहील, मी आईला तोंड देईन. भान जातं त्यातली असली तर तिची शाळा हुआरालला." मी म्हटलं, बघू दे की. मला कसली भीती? मला सगळं कळत असतं. पंचवीस वर्षं ही आकडी माझ्या डोक्यात आहे, मला नाही कळणार तर कुणाला कळणार?

तर त्याच्यासाठी हॉस्पिटलातली ही खोली. डोक्याला डिंकानं चिकटवलेल्या तारा, त्यावर गॉजचं पागोटं, तारांची वेणी पाठीमागून भिंतीतल्या पेटीत गेलेली. खाटेला दोन्ही बाजूंनी कठडे. समोर छताच्या कोपऱ्यात कॅमेरा, त्याला लाल ठिपका, तो कधी मिटत नाही. संडासला जायचं तर नर्स मारुहा येऊन तारा सोडवणार आणि दार उघडं ठेवून उभी राहणार. खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसते, आणि भिंतीच्या वर लिमाचं ते जुलैतलं आकाश, धुतलेल्या फडक्याच्या रंगाचं. गोळ्या आधी निम्म्या केल्या, मग बंद. म्हणजे आयुष्यभर जी येऊ नये म्हणून गिळलं, तीच आता यावी म्हणून सगळे टपून बसलेले. सकाळी डॉक्टर अर्बुलू दारातून डोकावून विचारते, "काय सेन्योरा, आली का?" झाडूवाली विचारते, "आली का हो?" जशी काही मी अंड्यावर बसलेली कोंबडी.

डॉक्टर अर्बुलू वयानं माझ्याहून लहान असेल. नखं अगदी कापलेली, बोलताना माझ्या डोळ्यांत बघते, हे मला आवडतं. पहिल्या दिवशी ती खाटेच्या कडेला बसली आणि मला समजावून सांगितलं. आम्ही आधी बघतो झटका सुरू कुठून होतो, म्हणाली. मेंदूच्या एका कोपऱ्यातून, की दोन्ही बाजूंनी एकदमच. मग बघतो, तो चालू असताना माणसाला भान असतं की नाही. मग तिसरं, अंग हलतं का, आणि हलत असेल तर कसं. की हलत नाही, नुसता माणूस थिजतो. यावरून त्याचं नाव ठरतं. पूर्वी लहान झटका आणि मोठा झटका म्हणायचे, मग दुसरी नावं आली, आता काही वर्षांपूर्वी तीही बदलली. मी म्हटलं, "झटक्याला कळवलंत का?" ती खळखळून हसली. पण मला तिचं म्हणणं कळत होतं. माझं गामाराच्या कापडबाजारात बटणांचं दुकान आहे, दुकान म्हणजे जिन्याखालची खोबण. दिवसभर मी तेच करते. दोन भोकांची इकडं, चार भोकांची तिकडं, मागून दांडी असलेली तिसऱ्या डब्यात. एकदा डब्यात पडलं की बटण आपलं नशीब घेऊन जातं. शर्टाचं कोटाला लागत नाही. फक्त बटणाला कुणी विचारत नाही, बाबा रे, तुला काय वाटतं तू कुठल्या डब्यातलं. मला विचारत होते. म्हणून मला वाटत होतं की मी सुटले.

माझी आकडी सुरू कुठून होते ते डोक्याच्या फोटोत आधीच सापडलं होतं. उजव्या कानाच्या आतल्या बाजूला, मेंदूत, तांदळाच्या कणीएवढा पांढरा ठिपका. डुकराच्या जंताचं अंडं, लहानपणी कधीतरी पाण्यातून नाहीतर भाजीतून पोटात गेलेलं. रक्तातून फिरत फिरत तिथं पोचलं, अडकलं, मेलं आणि दगड झालं. आमच्या डोंगरात निम्म्या लोकांच्या डोक्यात अशा कण्या असतील. मला त्या किड्याची कधी कधी दया येते. कुठं जायला निघाला होता आणि कुठं येऊन चिणला गेला. या कठड्यांच्या खाटेत पडल्यापासून तर जास्तच. "तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे," डॉक्टर म्हणाली, "एका कोपऱ्यातूनच. सगळा प्रश्न दुसरा आहे. भान."

"भान असतं मला," मी म्हटलं. "चव येते, पोट वर येतं, सगळं आधी घडून गेल्यासारखं वाटतं. मग आईची हाक ऐकू येते, मी ओ देते, आणि संपतं."

"अडचण अशी आहे सेन्योरा, की भान गेलेल्या माणसालाही मागाहून वाटतं की आपण इथंच होतो. मधला तुकडा गेला की दोन्ही टोकं आपोआप शिवली जातात. म्हणून आम्ही बघणाऱ्याला विचारतो." आणि ती वळली आईकडं.

आई प्लास्टिकच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसली होती. डॉक्टरलोकांच्या समोर ती नेहमी तशीच बसते, बस चुकलेल्या माणसासारखी. "मामिता," डॉक्टर म्हणाली. शहरातले सगळे डॉक्टर डोंगरातल्या सगळ्या म्हाताऱ्यांना मामिताच म्हणतात. "हिला झटका येतो तेव्हा तुम्ही काय करता?"

"हाक मारते."

"आणि ती ओ देते?"

"देते की. नेहमी देते. एकदासुद्धा ओ आली नाही असं झालं नाही, डॉक्टरीणबाई. ओ आली नसती तर ही आज इथं असती का?" डॉक्टरनं मान डोलावली. मी उशीवर डोकं टेकलं. त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

पहिली वेळ मला आठवते, असं मी आजवर सांगत आले. आठ वर्षांची होते. अजून आम्ही डोंगरातच होतो, वडील होते, मेंढ्या होत्या. मी ओढ्यावर भांडी घासत होते आणि भांडं हातातून वाहत गेलं. मी त्याच्यामागं गेले नाही, नुसती बघत राहिले, असं मोठी मावशी सांगते. मला भांड्याचा तळ आठवतो, काळा, गोल, पाण्यात डोलणारा. आमच्याकडं याला भय खाणं म्हणतात. जीव दचकतो आणि अंगातून बाहेर पडून जिथं दचकला तिथंच बसून राहतो. मग त्याला घरी आणावं लागतं. मावशी माझा लाल स्वेटर घेऊन ओढ्यावर गेली, पाण्यावर तो हलवत हाका मारत घराकडं निघाली, "ये गं झेनाइदा, तिथं थांबू नको, घरी चल, ये." आणि घराच्या उंबऱ्यात मला मांडीवर घेऊन आई बसली होती. मावशीच्या प्रत्येक हाकेला ती माझ्या वतीनं ओ देत होती, बारीक आवाज काढून, "आले, आले." तशी पद्धतच आहे. हाक नुसती मारून भागत नाही, कुणीतरी ओ द्यावी लागते, नाहीतर जिवाला वाटतं आपल्याला घरच उरलं नाही. मग तो स्वेटर माझ्या अंगात घातला आणि मी वडिलांकडं बघून म्हटलं, भूक लागली. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगितली गेलीय की त्यातलं किती माझं आणि किती मावशीचं, हे आता वेगळं काढता येणार नाही. तो उंबरा मला आतूनही दिसतो आणि बाहेरूनही. आपण एकाच वेळी आईच्या मांडीवर आणि अंगणात कसे असू, हा प्रश्न मला त्या खोलीत पडेपर्यंत कधी पडला नव्हता. खोलीत दुसरं काही करण्यासारखं नसतं. तारा ओढतात, डिंकानं डोकं खाजतं, आणि लाल ठिपका बघत असतो. मी नायेलीचा विचार करायचे. तिच्या केसांना येणारा पेन्सिलीसारखा वास. हुआरालला तिला कोण विंचरील? सासूबाई पोरींचे केस कापून टाकतात, उवा होतात म्हणून.

दिवसामागून दिवस गेले आणि आली नाही. डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसायला लागलं की खाट अडून राहिलीय. तार्माहून आलेली एक बाई बाहेरच्या बाकावर नंबर लावून बसली होती, मारुहा तिच्याबद्दल मला ऐकू जाईल असं बोलायची. मला वाटलं, जाऊ दे, न आलेलीच बरी. आणि मग एका दुपारी जेवणाच्या ताटात जेली आली, हिरवी. आई म्हणाली, "खा, गोड आहे." मला वाटलं हे तिनं म्हटलंय, याच जागी, हीच हिरवी जेली थरथरत असताना. पोट वर आलं. लोखंड आलं. मी कठडा धरला. आईची हाक ऐकली. आले, म्हटलं. आणि संपलं. मारुहा माझ्यावर ओणवी होऊन विचारत होती, "नाव काय तुमचं? कुठं आहात?" मी म्हटलं, "झेनाइदा. जाणार कुठं, बांधून घातलंय तुम्ही." मारुहाला राग आला तो माझा नाही, आईचा. खुर्चीशेजारी लाल बटण होतं, चाहूल लागताच ते दाबायचं असं आईला रोज बजावलं होतं, म्हणजे नर्स धावत येऊन हात वर करायला सांगेल, प्रश्न विचारील, तपासून बघेल. आईनं बटण दाबलं ते सगळं आटोपल्यावर. आधी तिला तिचं काम होतं. माझा स्वेटर तिच्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरनं आम्हा दोघींना तिच्या खोलीत नेलं आणि पडद्यावर ते दाखवलं. मी स्वतःला असं कधी बघितलं नव्हतं. पागोटं बांधलेली एक बाई ताटाकडं बघतेय. ती कठडा धरते. इथपर्यंत मी होते. मग ती बाई कठडा सोडते आणि तिची बोटं पांघरुणावरचं काहीतरी वेचायला लागतात, एक एक, निवडून, बाजूला. तिचे ओठ चघळल्यासारखे हलतात. डोळे उघडे आहेत आणि त्यांत कुणी नाही. रिकाम्या दुकानाचं शटर कुणी वर करून ठेवावं, तसे. मग आईची पाठ मध्ये येते, स्वेटर माझ्या तोंडासमोर हलायला लागतो, आणि पडद्यावर फक्त आईची पाठ, स्वेटर आणि ती वेचणारी बोटं. आईची हाक, डोंगरी बोलीत. आणि त्यामागून बारीक आवाज. पुन्हा हाक, पुन्हा आवाज. हे चालूच राहिलं. माझ्या आठवणीत तो एक श्वास होता. पडद्यावर तो संपता संपत नव्हता.

"इथं," डॉक्टरनं चित्र थांबवलं. "इथं सेन्योरा काय म्हणतायत, मामिता? मला तुमची भाषा येत नाही."

"आले, म्हणतेय," आई म्हणाली. "मी म्हणते ये, ती म्हणते आले."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

डॉक्टरचा चेहरा उजळला. मला वाटतं तिलाही मनातून तेच हवं होतं. नायेलीची गोष्ट मी तिला सांगितली होती. म्हणाली, बोटांच्या हालचाली बघून आधी मला शंका आली होती, पण झटका उजव्या बाजूचा आहे, अशांत बोलणं शाबूत राहू शकतं. हाकेला नेमकी ओ, तीही योग्य भाषेत, म्हणजे ऐकलं, कळलं आणि उत्तर दिलं. मारुहा पोचली तेव्हा झटका संपला होता हे दुर्दैव, पण आवाज आहे ना. "एका जागी सुरू होणारा, भान शाबूत असलेला," ती म्हणाली. "तसंच धरते मी. गोळी वाढवू. मुलीला जवळ ठेवायला माझी हरकत नाही, थोडी काळजी घेतली म्हणजे झालं."

आईनं तिचे हात हातात घेतले. मी पडद्याकडं बघत होते. चित्र थांबलेलंच होतं. आईची पाठ. मघाशी मी बघितलं होतं की प्रत्येक बारीक ओ यायच्या आधी त्या पाठीचे खांदे वर होत होते, श्वास घ्यावा तसे. आणि तो आवाज तेहतीस वर्षांच्या बाईचा नव्हता. आठ वर्षांच्या मुलीचा होता.

सामान भरताना मी म्हटलं, "आई, ती ओ तू दिलीस."

"मग कोण देणार? मावशी आहे का इथं?"

"डॉक्टरला तू सांगितलं नाहीस."

"तिनं विचारलं ओ आली का. आली." ती माझे मोजे गुंडाळत होती. "मी खोटं काय बोलले? माझ्या तोंडून तूच बोलतेस. पहिल्यापासून. तुझ्यात तेव्हा तोंड उघडायची ताकद कुठं असते?"

"म्हणजे मी नसते तिथं."

आईनं मोजे पिशवीत कोंबले आणि दाराकडं बघून आवाज उतरवला. "झेना, गप बस. पोरगी राहतेय ना तुझ्याजवळ? मग तोंड शिवून घे आणि चल."

मी गप बसले. तारा काढून झाल्या होत्या, डोक्यावर डिंकाचे खडे होते, मी मोकळी होते, आणि जिना उतरताना मला वाटत होतं की कठडे अजून दोन्ही बाजूंनी चालतायत. पंचवीस वर्षं. ओढ्यापासून आजपर्यंत ज्या ज्या वेळी मी म्हटलं की मी इथंच होते, मी ऐकलं, मी ओ दिली, त्या प्रत्येक वेळी तिथं एक बाई पांघरुणावरचं काहीतरी वेचत बसली होती. लग्नाच्या दिवशी एकदा. बाळंतपणानंतर पाजताना किती वेळा ते कुणाला ठाऊक. माझ्या आठवणींतले किती तुकडे आईच्या आवाजाचे आहेत? मला राग यायला हवा होता. आला तो इतका थकलेला होता की जिन्याच्या खालच्या पायरीपर्यंत पुरला नाही. मी मनाशी हिशोब केला की डॉक्टरीण म्हणाली ते खरं धरायचं. ती शिकलेली आहे. तिनं बघितलंय. मी कोण?

खाली हॉस्पिटलच्या अंगणात रोमुलो नायेलीला घेऊन उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. आईनं त्याला लांबूनच ओरडून सांगितलं, "भान असतं! डॉक्टरीणबाई स्वतः म्हणाल्या!" त्यानं टोपी काढली आणि चेहरा टोपीत घातला. मग म्हणाला, "आईला फोन करतो. तिनं पोरीसाठी खाटसुद्धा आणून ठेवलीय, वेडीनं," आणि गाडी आणायला फाटकाकडं गेला. आई त्याच्यामागं पिशव्या घेऊन. मी आणि नायेली बाकावर. तिनं माझ्या केसांतला डिंकाचा खडा काढून बघितला, वास घेतला, टाकला.

"आता मला आजीकडं हुआरालला नाही जायचं?"

"नाही."

"मग घरी मीच करायचं ना तुझं?"

"माझं काय?"

ती बाकावर उभी राहिली, माझ्या मांडीवरचा स्वेटर उचलला आणि माझ्या तोंडासमोर हलवायला लागली. "ये गं आई, तिथं थांबू नको, घरी चल." मग आवाज बारीक करून, "आले, आले." मग परत आपल्या आवाजात, "असं."

मी हलणारा स्वेटर धरला. "कुणी शिकवलं?"

"आजीनं. इथल्या. मी आधी नुसती हाक मारायची, पण तू बघतच नव्हतीस. मग आजी म्हणाली, ओ पण आपणच द्यायची. म्हणजे तू येतेस."

"आणि घरात तेव्हा दुसरं कोण असतं?"

तिनं विचार केला. "कोणी नाही. तू असतेस. पण तू बटणं वेचत असतेस." मग एकदम शहाण्यासारखं म्हणाली, "आधी मी गॅस बंद करते. स्टुलावर चढून. मग ओ देते. गॅस आधी, हे मला माझंच कळलं."

फाटकाबाहेर रोमुलोनं भोंगा वाजवला. त्याच्या भोंग्याला मी ओळखते, खुशीत असला की दोनदा वाजवतो. मी उठले, नायेलीचा हात धरला आणि उलट दिशेनं जिना चढायला लागले. ती विचारत होती, काही राहिलं का, आई, वरती काही राहिलं का? मी सांगितलं नाही. सांगायला लागले असते तर थांबले असते.

डॉक्टर अर्बुलू उभ्या उभ्या सँडविच खात होती. मी म्हटलं, "ती ओ माझी नव्हती. आईची होती. आमच्यात आजाऱ्याच्या वतीनं देतात." तिनं सँडविच खाली ठेवलं. माझ्याकडं बघितलं, बंद पडद्याकडं बघितलं. मग नायेलीसमोर उकिडवी बसून तिनं विचारलं, "नायेली, आई कधी कधी अशी गप्प होते ना? तेव्हा तू हाक मारलीस की ती ओ देते?"

नायेलीनं माझ्याकडं बघितलं. तिला प्रश्न कळला होता. उत्तराच्या पलीकडं हुआरालची खाट आहे, हेही कळलं होतं. माझीच पोर ती. "देते," ती म्हणाली. "लगेच देते."

डॉक्टर उठली नाही. मी खुर्चीत बसले, स्वेटर नायेलीच्या हातात दिला आणि म्हटलं, "दाखव यांना. मी गेले की काय करतेस, ते सगळं दाखव." ती नाही म्हणाली. मी म्हटलं, दाखव. मग मी समोरच्या भिंतीकडं डोळे लावले, त्या बाईसारखे, आणि मांडीवरच्या झग्यावरून बोटं फिरवायला लागले. स्वेटर हलला. "ये गं आई," ती म्हणाली, "तिथं थांबू नको." लोखंडाची चव नव्हती, पोट जागेवर होतं, काहीही पूर्वी घडलेलं नव्हतं. मी सगळं ऐकत होते. तिचा श्वास, सँडविचचा कागद, खाली पुन्हा दोनदा वाजलेला भोंगा. ती थांबली. माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी आहे हे तिला दिसत होतं, म्हणून ती वाट बघत होती. "आई, ये," ती परत म्हणाली, मोठ्यानं, आणि स्वेटर हलवायचा विसरून माझ्या गुडघ्याला धरलं. मी ओठ आवळून बसले. असं भान मला आयुष्यात कधी आलं नव्हतं. "आई, तू दे ना या वेळी," ती म्हणाली. मी भिंतीकडंच बघत राहिले. मग तिनं नाक पुसलं, स्वेटर परत वर धरला, आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, "आले."